पाषाणावरील हस्ताक्षरे
(पांढरकवडा येथील एका सार्वजनिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘जुन्या वास्तूंवरील पाथरवटांच्या खुणा’ असे उत्तर दिले. पत्रकाराने राजकारणावर बोलावे, निवडणुकांची गणिते मांडावीत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, पुरातत्त्वाचा पंडित नव्हे. परंतु वार्ताहर म्हणून विदर्भ-मराठवाड्यात वर्षानुवर्षे हिंडताना एक गोष्ट सतत जाणवली. कोणत्याही जुन्या देवळात गेले की गावकरी दोन प्रश्नांची उत्तरे तत्परतेने देतात : देऊळ कोणत्या देवाचे आणि ते कोणत्या राजाने बांधले. ‘प्रत्यक्ष दगड कोणी घडविले?’ हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही आणि त्याचे उत्तरही कोणाजवळ नसते. त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दगडावरच कोरलेले असते, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

याच परिसरात १८१८ च्या एप्रिल महिन्यात दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. लढाईची तारीख इतिहासात नोंदली गेली, सेनापतींची नावे नोंदली गेली. ज्यांच्या हातांनी आपल्या मुलखातील देवळे, बारवा, घाट आणि गढ्या उभ्या राहिल्या, त्यांची नोंद मात्र आपण ठेवली नाही. त्यांनी स्वतः जी ठेवली, तीही वाचली नाही.

खूण म्हणजे काय?

देवळाच्या एखाद्या चिऱ्यावर बोटभर लांबीची आकृती दिसते. कधी बाण, कधी त्रिशूळ, कधी मासा, तारा, शंख, स्वस्तिक, कधी नुसत्या दोन-तीन रेघा, कधी एखादे अक्षर. पाहणाऱ्याला वाटते, कोणा रिकामटेकड्या पोराने कोरले असेल. परंतु नीट पाहिले तर रेघ टाकीने घेतलेली असते, तिला सराईत हाताचा नेमकेपणा असतो आणि तीच आकृती चार चिरे सोडून पुन्हा भेटते. ही पाथरवटाची खूण होय.

या खुणा तीन कारणांसाठी केल्या जात. पहिले कारण मजुरीचे. जिथे कामगाराला दिवसावर नव्हे तर घडविलेल्या दगडावर मजुरी मिळे, तिथे प्रत्येकाला आपला दगड ओळखू येईल अशी निशाणी करावी लागे. संध्याकाळी मुकादम खुणा मोजी आणि हिशेब करी. म्हणूनच अशा खुणा सरळ रेघांच्या, दोन-चार घावांत पूर्ण होणाऱ्या असतात. खुणेवर वेळ घालवला तर मजुरी बुडणार! दगडाचा कोन चुकला, कड फुटकी निघाली, तर तो कोणाचा हेही त्याच खुणेवरून कळे. म्हणजे जी हक्काची निशाणी, तीच जबाबदारीचीही.

दुसरे कारण जुळणीचे. दगड खाली जमिनीवर घडवायचा आणि वर नेऊन बसवायचा, तर कोणता कुठे जाणार हे सांगणारी खूण हवी. त्यासाठी समोरासमोरच्या दोन दगडांवर सारखीच निशाणी करीत किंवा अनुक्रम लिहीत. या खुणा बहुधा सांध्याच्या पृष्ठावर, दगड बसल्यानंतर झाकल्या जातील अशा ठिकाणी असतात. इमारत ढासळली म्हणजेच त्या उजेडात येतात. तिसरे कारण खाणीचे. कोणत्या खाणीतून, कोणत्या टोळीने दगड काढला याची ती निशाणी असे.

कित्येकदा खूण उलटी दिसते. त्यावरून कळते की ती दगड बसविण्यापूर्वी कोरलेली आहे. बसविताना दगड फिरला आणि खूणही फिरली. एवढ्या एका गोष्टीवरून कामाची पद्धत उलगडते. एकच खूण पायापासून माथ्यापर्यंत आढळली, तर तो माणूस त्या कामावर आरंभापासून अखेरपर्यंत होता. एका थरानंतर खुणा बदलल्या, तर टोळी बदलली. मध्ये काम थांबले असण्याचाही संभव असतो. ज्या कामाची हिशेबाची वही उरलेली नाही, त्याची वही भिंतीवर लिहिलेली असते, ती अशी.

भारहूतपासून कार्ल्यापर्यंत

आपल्या देशात अशा खुणांचा सर्वांत बोलका पुरावा भारहूतच्या स्तूपाचा आहे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातील या स्तूपाचे अवशेष १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम याच्या दृष्टीस पडले आणि १८७९ मध्ये त्याने त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील हे काम. कठड्याच्या दगडांवर पाथरवटांनी कोरलेली अक्षरे ब्राह्मी लिपीत आहेत. तोरणाच्या काही लहान स्तंभांवरची अक्षरे मात्र खरोष्ठीत. खरोष्ठी ही वायव्येकडील, गांधार प्रदेशाची लिपी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. मध्य भारतातील स्तूपाच्या तोरणावर ती कशी आली? कनिंगहॅमने निष्कर्ष काढला की, तोरणाच्या कामासाठी वायव्येकडून कारागीर आले असले पाहिजेत. कोणत्याही राजाच्या प्रशस्तीत न आलेली ही हकीकत चार-दोन अक्षरांनी सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी गांधारचा पाथरवट शेकडो कोस चालून येतो आणि स्थानिक कारागिराच्या शेजारी बसून एकाच वास्तूवर टाकी चालवितो, यापेक्षा या देशाच्या एकसंधतेचे अधिक साधे प्रमाण कोणते हवे?

सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेख तर थेट आपल्याशी नाते सांगतो. राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याने दिलेल्या दानाचा तो लेख आहे. सातवाहन हे आपल्या प्रतिष्ठानचे, म्हणजे पैठणचे राजे. त्यांच्या कारागिरांचा मुख्य आपले नाव, आईचे नाव आणि पद सांचीच्या तोरणावर कोरतो! त्याच तोरणावर आणखी एक लेख सांगतो की, तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत घडविणाऱ्यांनी केले. हस्तिदंतावर नाजूक काम करणारे हात दगडाकडे वळले, म्हणूनच सांचीच्या तोरणावर इतकी बारीक कलाकुसर दिसते.

महाराष्ट्रातील लेण्यांत हाच प्रवाह आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार घडविल्याचा लेख आहे. दगडाच्या लेण्यात सुतार कसा, असा प्रश्न पडेल. पण कार्ल्याच्या छताखालच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत आणि दगडात कोरलेले गवाक्ष, तुळया, कठडे हे सारे लाकडी बांधणीचेच अनुकरण आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरलेले आहे. कुठे सोनार, कुठे सुतार, कुठे हस्तिदंताचा कारागीर! सह्याद्रीच्या कातळात जी विद्या उमटली, ती अनेक व्यवसायांनी एकमेकांना शिकविलेली विद्या होती.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एका शिल्पाच्या मस्तकाजवळ एकच ओळ आहे. तिचा अर्थ असा : कान्हाचा शिष्य बालक याने केले. ‘अंतेवासी’ हा तेथील शब्द. गुरूच्या सन्निध राहून विद्या घेणारा तो अंतेवासी. दोन हजार वर्षांपूर्वी कारागीर आपले नाव लिहितो, पण त्याआधी गुरूचे नाव लिहितो. आपल्या परंपरेचे याहून संक्षिप्त वर्णन मला माहीत नाही.

‘अनामिक शिल्पी’ हा समज

व्यासपीठांवरून आपण नेहमी ऐकतो की, भारतीय शिल्पकार अनामिक राहिला. त्याने कला ईश्वरचरणी वाहिली आणि नावाचा मोह धरला नाही. ऐकायला हे फार गोड आहे आणि त्यात काही सत्यही आहे. असंख्य कारागिरांनी खरोखरच नाव सोडले नाही. परंतु ज्यांनी सोडले, त्यांनाही आपण अनामिक म्हणत राहिलो, तर तो त्यांचा निर्मोहीपणा नव्हे. ते आपले दुर्लक्ष होय.

पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराचा स्थपती गुंड अनिवारिताचारी याचे नाव आणि त्याला मिळालेल्या पदव्या त्या मंदिराच्या लेखात आहेत. तेथीलच पापनाथ मंदिराच्या लेखात रेवडी ओवज्ज याचे नाव आहे. बेलूरला बळ्ळिगावेच्या दासोजाने आणि त्याचा पुत्र चावण याने, सोमनाथपूरला मल्लितम्माने आपल्या मूर्तींखाली नावे कोरली. या नावांतील ‘आचारी’ हा शब्द आचार्यापासून आणि ‘ओवज्ज’, ‘ओज’ हे उपाध्यायापासून आले. दगड घडविणाऱ्याला त्या समाजाने शिक्षकाची पदवी दिली होती. शिल्पग्रंथांतही कारागिरांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. सूत्र धरणारा तो सूत्रधार. आपला ‘सुतार’ त्याच कुळातला आणि नाटकाचा सूत्रधारही.

आपल्याकडे पैठणच्या कोकास नावाच्या स्थपतीची कथा आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती येते. राणीने व्रत घेतले होते की, देवळाचे शिखर पाहिल्याविना अन्न घेणार नाही. देऊळ बांधायचे तर वर्षे लागणार, तोवर राणीचे काय? कोकासाने वरून खाली देऊळ कोरायला घेतले आणि थोड्याच दिवसांत शिखर दाखविले. वेरूळच्या कैलासाचे काम खरोखरच वरून खाली झालेले आहे, हे आपण जाणताच. कथा ही कथाच. तथापि महाकोसलच्या कलचुरी शिलालेखांत आपण कोकासाच्या वंशातले असे सांगणारे सूत्रधार भेटतात. म्हणजे हे नाव एका कारागीर घराण्याने अभिमानाने जपले होते. कैलास लेण्याविषयी राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात म्हटले आहे की, ते पूर्ण झाल्यावर घडविणाऱ्यालाच आश्चर्य वाटले : हे आपल्या हातून झाले तरी कसे! राजाच्या दानपत्रात स्थपतीच्या मनातला विस्मय नोंदविला जावा, ही साधी गोष्ट नाही.

भोजपूर ते पैनगंगा

या विषयाची सर्वांत मोठी शाळा भोपाळजवळ भोजपूर येथे आहे. परमार राजा भोज याच्या नावाशी जोडलेले, अकराव्या शतकातील हे प्रचंड शिवमंदिर अपूर्ण राहिले आणि ते अपूर्ण राहिले म्हणूनच आपल्याला बांधकामाची रीत समजली. अवजड दगड वर चढविण्यासाठी केलेला मातीचा उतार तिथे उरला आहे. आसपासच्या खडकावर मंदिराच्या भागांचे आराखडे रेघांनी कोरलेले आहेत. आणि मंदिराच्या दगडांवर पाथरवटांच्या सुमारे १,३०० खुणा नोंदविल्या गेल्या आहेत. काम पूर्ण झाले असते तर आराखडे पुसले गेले असते आणि उतार हलविला गेला असता. ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ याच भोजाच्या नावावर आहे. ग्रंथातील शास्त्र आणि दगडावरील हात, दोन्ही एकाच राज्यात दिसतात.

भोजाचे नाव काढले की आपल्याला ते दूरचे वाटते. पण त्याच परमार घराण्यातील जगद्देवाचा शके १०३४ चा, म्हणजे इ.स. १११२ चा शिलालेख आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदकडील डोंगरगाव येथे सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्ध केला. पांढरकवड्याहून दक्षिणेला निघून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्ह्यात जैनथ येथे जुने मंदिर आहे. जगद्देवाच्या पदरी असलेल्या लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे देऊळ उभारल्याचे तेथील लेख सांगतो. तेव्हा पैनगंगा ही प्रांताची सीमा नव्हती. देऊळ बांधणारे हात दोन्ही तीरांवर सारखेच हिंडत होते.

‘हेमाडपंती’ या शब्दाकडेही एकदा पाहू. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचे कमलेश्वर असो वा लोणारचे दैत्यसूदन, दगडी जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, तेराव्या शतकातला. ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता, मोठा विद्वान. परंतु या पद्धतीचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, इ.स. १०६० चे आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. लोकांनी एका कर्तबगार मंत्र्याचे नाव साऱ्या शैलीला दिले, यात वावगे काही नाही. मात्र त्यात पाथरवटाचे श्रेय नकळत झाकले गेले.

या बांधणीत चुना वापरीत नाहीत. दगडावर दगड नुसत्या वजनाने आणि कूस-खोबणीने बसतो. सांधा इतका घट्ट की सुरीचे पातेही शिरू नये. हे साधायचे तर प्रत्येक चिरा गुण्यात घडवावा लागतो, खाली जमिनीवर जुळवून पाहावा लागतो आणि मग वर चढवावा लागतो. चुन्याच्या भिंतीत चार सुतांची चूक चुन्यात लपते. इथे लपायला जागाच नाही. आणि दगडही सर्वत्र एक नाही. आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळा कठीण पाषाण, वणीकडे गेले की वालुकाश्म आणि चुनखडी. वैनगंगेकाठचे मार्कंडा तर वालुकाश्माचे. काळ्या पाषाणावर टाकी चालविणारा हात वेगळा आणि वालुकाश्मात पान-फुले उमलविणारा वेगळा. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण मुलांना ऐकवितो. घाव घालणाऱ्याला ते किती जपून घालावे लागत असतील, याचा विचार मात्र म्हणीत येत नाही.

जगातही हेच

युरोपातील मोठमोठ्या चर्चच्या भिंती अशाच खुणांनी भरलेल्या आहेत. १८४१ मध्ये जॉर्ज गॉडविन याने इंग्लंड व युरोपातील खुणांचे साम्य विद्वानांच्या नजरेस आणले. जर्मन प्रदेशातील पाथरवटांच्या संघांनी १४५९ मध्ये आपले नियम एकत्र केले. स्कॉटलंडमध्ये १५९८ च्या नियमांनी असे ठरविले की, कारागीर संघात दाखल होताना त्याचे नाव आणि खूण वहीत नोंदवावी. तेथील अभ्यासक आज एखादी खूण पाहून, हा माणूस आधी कोणत्या गावी होता आणि नंतर कुठे गेला, हे सांगू शकतात. आपल्याकडे खुणा त्याहून जुन्या आहेत. वही मात्र आपल्यालाच करावी लागणार आहे.

खूण काय सांगते आणि काय सांगत नाही

आता मी थोड्या नाजूक मुद्द्याकडे येतो आणि आपण सर्व विचारी मंडळी असल्यामुळे तो स्पष्टच मांडतो. आग्रा आणि दिल्लीच्या मुघल वास्तूंच्या दगडांवर तारा, मासा, त्रिकोण यांच्याबरोबर स्वस्तिकासारख्या खुणाही आढळतात. त्यांची छायाचित्रे दाखवून ‘ही वास्तू मुळात मंदिरच होती’ असे ठामपणे सांगणारे लोक मला भेटतात. आवेश समजू शकतो. निष्कर्ष मात्र टिकत नाही. पाथरवटाची खूण पाथरवटाविषयी सांगते. दगड घडविणारा हिंदू कारागीर आपल्या घराण्याची, आपल्या श्रद्धेची निशाणी करीत होता, एवढे तिच्यावरून दिसते. वास्तूचा मालक कोण, ती कशासाठी बांधली, हे त्या खुणेवरून ठरत नाही.

याउलट, कुतुबमिनाराच्या आवारातील मशिदीसाठी सत्तावीस मंदिरांचे साहित्य वापरले, हे तेथील दारावरचा फारसी लेखच सांगतो आणि ते स्तंभ आजही कोणीही पाहावेत. तिथे आपल्याला तर्काची गरज नाही, प्रमाण समोर आहे. ज्या घराजवळ असे खणखणीत नाणे आहे, त्याने खोटे नाणे का चालवावे? एक खोटे नाणे पकडले गेले की दुकानदार खऱ्यालाही वाजवून पाहू लागतो. म्हणून इतिहासाच्या बाबतीत आपण इतरांपेक्षा अधिक कठोर असले पाहिजे.

त्याच कुतुबमिनारावर नागरी अक्षरांतही लेख आहेत. नाना, साल्हा, लोला, लष्मण अशी शिल्पींची नावे त्यांत येतात. १३६८ मध्ये विजेने मिनाराचे नुकसान झाले, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने दुरुस्ती करविली. त्या दुरुस्तीच्या नागरी लेखात सूत्रधार चाहड, देवपालाचा पुत्र, याचे नाव आहे आणि काम विश्वकर्म्याच्या प्रसादाने पूर्ण झाल्याचे म्हटले आहे. विचार करा! राज्य सुलतानाचे, इमारत सुलतानाची, पोट त्याच्या मजुरीवर आणि सूत्रधार दगडावर नाव घेतो ते विश्वकर्म्याचे. आपल्या मराठवाड्यात बिबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावर स्थपती अताउल्लाबरोबर हंसपत राय याचे नाव आहे. सत्ता गेली, पण विद्या हातात राहिली आणि हातातील विद्येबरोबर श्रद्धाही राहिली. माझ्या मते वास्तूच्या मालकीच्या वादापेक्षा ही कथा कितीतरी मोठी आहे.

सेवेचे ठायी तत्पर

दुर्गराज रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. छत्रपतींच्या आज्ञेने हिरोजीने तळी, उद्याने, राजमार्ग, स्तंभ, राजवाडे उभारल्याचे त्यात म्हटले आहे. शके १५९६, म्हणजे राज्याभिषेकाचे वर्ष. आणि मंदिराच्या पायरीवर दुसरी लहानशी ओळ आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर’ आणि पुढे हिरोजीचे नाव. सांगतात की, महाराजांनी बक्षीस मागायला सांगितले तेव्हा त्याने एवढेच मागितले की, आपल्या नावाचा दगड पायरीला बसवावा, म्हणजे महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ त्याला लागेल. ही आख्यायिका आहे. पायरी मात्र समक्ष आहे. गांधारच्या अज्ञात पाथरवटाचे अक्षर, बालकाची ओळ, चाहडाचा विश्वकर्मा आणि हिरोजीची पायरी ही एकाच साखळीतील कडी होत. प्रत्येकाने सांगितले ते हेच : हे काम माझे आहे आणि ते मी मनापासून केले आहे.

वारस कोण?

या कारागिरांचे वारस आज कुठे आहेत? ते आपल्या गावाच्या कडेला पालात राहिले. पाथरवट, वडार, बेलदार. कोणी खाणीतून दगड काढून गाड्यावर वाहिला, कोणी मातीची कामे केली, कोणी जाती-पाटे घडविले. जात्याला, पाट्याला टाकी लावून देणारी वडारीण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असेल. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवीत नेली. फिरून पोट भरणाऱ्या कितीतरी समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का बसला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. आज महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींच्या सूचीत आणि बेलदार भटक्या जमातींच्या सूचीत आहे.

कायद्याने शिक्का पुसला. मनांतून तो पुसला का, हे ज्याने त्याने आपल्याला विचारावे. ज्या देवळाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या उत्सवात ते घडविणाऱ्यांच्या वंशजांना मानाचे पान किती गावांत मिळते? कळसारोहणाला देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. गवंड्याचे नाव त्या पाटीवर किती वेळा पाहिले? कार्ल्याला सुताराचे नाव दारावर होते. सामाजिक समरसतेचा विचार आपण मांडतो, तर तिचा एक धागा इथेही आहे.

पुसली जाणारी वही

वार्ताहर म्हणून मी काही जीर्णोद्धार पाहिले आहेत. गावांची नावे घेत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी हेतू शुद्धच होता. लोकांनी घरटी वर्गणी काढली, भक्तिभावाने कामाला लागले. काळा दगड उदास दिसतो म्हणून त्यावर गुलाबी, पिवळा ऑइलपेंट चढला. सांध्यांत सिमेंट भरले. गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसली. कुठे दगड ‘साफ’ करण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा झाला आणि आठशे वर्षे पावसाने जे नेले नाही, ते एका दुपारी गेले. विखुरलेले चिरे पायऱ्यांना, धुण्याच्या दगडाला, कधी क्रशरलाही गेले. सांध्यातील जुळणीच्या खुणांचा उपयोग अशाच ढासळलेल्या देवळाला पुन्हा उभे करताना होतो. श्रीशैलम धरणाच्या वेळी संगमेश्वराचे देऊळ दगडन् दगड क्रमांक घालून उतरविले गेले आणि आलमपूरला पुन्हा उभारले गेले. तो क्रमांक म्हणजे जुन्या खुणेचाच आधुनिक अवतार. चिरे विकले गेले आणि खुणा पुसल्या गेल्या, तर मग देऊळ कायमचे हरवते.

केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे. परंतु संरक्षित यादीत न आलेली देवळे, बारवा, वीरगळ कितीतरी अधिक आहेत. त्यांचे रक्षण गावालाच करावे लागेल.

काम अवघड नाही. सकाळी वा सायंकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा देवळाभोवती एक फेरी घालावी. गाभाऱ्याजवळ अंधार असेल तर विजेरी भिंतीला लागून आडवी धरावी. भरदुपारी न दिसणारी रेघ तिरप्या प्रकाशात उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. कोणत्या बाजूची भिंत, जमिनीपासून कितवा थर, डावीकडून कितवा दगड आणि खूण सुलटी की उलटी, हे लगेच वहीत लिहावे. खूण स्पष्ट दिसावी म्हणून खडू, तेल, शेंदूर वा तारेचा ब्रश कदापि लावू नये. संरक्षित वास्तू असेल तर संबंधित खात्याची अनुमती घ्यावी. आणि गावात पाथरवटाचे वृद्ध घर असेल, तर त्यांना मानाने बोलावून सोबत न्यावे. टाकी कशी धरली असेल, घाव कोणत्या बाजूने आला असेल, हे त्यांच्याइतके कोणत्याही प्राध्यापकाला कळणार नाही.

जुन्या मराठी व्यवहारात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत : काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात आणि पिढ्यान् पिढ्यांचे अवशेष साठतात. आपल्या काळीची मोजणी सरकारने केली, सात-बारा झाला. पांढरीचा सात-बारा मात्र कोणी करीत नाही. केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला आपण सहकुटुंब जातो, सुट्टीत मार्कंड्याला, लोणारला जातो. यापुढे जाताना मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि देवदर्शन झाल्यावर अर्धा तास भिंतीजवळ थांबावे. शाळाशाळांतून दोन-चार उत्साही शिक्षकांनी हे मनावर घेतले, तर काही वर्षांत या तालुक्याची आणि पुढे जिल्ह्याची अशी एक नोंदवही सिद्ध होऊ शकेल. पुढच्या पावसाळ्याच्या आत निदान एका देवळापासून आरंभ व्हावा, अशी विनंती मी या सभेला करतो.